दिवेलागणीच्या आत घरी

‘दिवेलागणीच्या आत घरी ये हं!’ हे वाक्य ज्या बाईने लहानपणी ऐकलं नाही, तिने हात वर करावा. मला वाटतं, एकही हात वर येणार नाही. आपण सगळ्याच जणी ते ऐकत मोठ्या झालो आणि आई झाल्यावर तेच वाक्य, त्याच सुरात आपापल्या लेकींना ऐकवू लागलो. भावाला मात्र असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. तो आपला चेंडू दिसेनासा झाला की घरी यायचा आणि आई त्याला हातपाय धुवायला गरम पाणी काढून द्यायची.

आमच्या गल्लीत आम्ही मुलं-मुली एकत्रच खेळायचो. लगोरी, डबा ऐसपैस, आबाधुबी. लगोरीत माझा नेम चांगला होता. पहिल्या फेकीत सातही ठिकऱ्या उडवायचे मी. सातवीत गेले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस आजी म्हणाली, ‘आता पुरे झालं हो पोरांत खेळणं.’ कुणी रागावलं नाही की मारलं नाही. नुसतं ‘आता पुरे’. दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर बसून गव्हातले खडे निवडत मुलांचा खेळ बघायला लागले. आणि खरं सांगू? तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझी मावसबहीण. ती बरीच वर्षं अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराजवळ राहते. गेल्या सुट्टीत ती अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे आली होती. पोरीच्या बॅगेत कपड्यांपेक्षा महत्त्वाची एक वस्तू होती, चामड्याचा भलामोठा हातमोजा. बेसबॉलचा. रोज संध्याकाळी ती तो हातात घालून गल्लीत उभी राहायची आणि आमची पोरं तिला चेंडू फेकायची. दुसऱ्याच दिवशी आईने सवयीने दारातून हाक मारली, ‘चला गं, दिवे लागले, घरात या.’ ती पोर आश्चर्याने म्हणाली, ‘पण आजी, आमच्या मैदानावर तर दिवे लागल्यावरच खरी मॅच सुरू होते!’

आम्ही सगळे हसलो. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. रात्री गच्चीवर मावसबहिणीशी गप्पा मारताना तिने मला तिच्या शहरातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. मुलीचं नाव मोने डेव्हिस. नाव ऐकून मला आधी वाटलं, आपल्याकडच्याच कुणा मोन्यांची लेक असेल! पण ही मोने आफ्रिकन-अमेरिकन मुलगी आणि मोने हे तिचं आडनाव नव्हे, नाव. नंतर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं, आणि वाटलं, हे आपल्या मैत्रिणींना सांगायलाच हवं.

तर मैत्रिणींनो, आधी हा खेळ थोडक्यात समजून घेऊ या. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. बॅट असते, पण गोल दांडक्यासारखी. गोलंदाजाला म्हणतात पिचर. तो मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो. फलंदाजाने तो टोलवायचा आणि चौकोनाच्या चार टोकांवरचे तळ शिवत पुन्हा मूळ जागी यायचं, की एक रन. तीनदा चुकला की बाद. लहान मुलांच्या ‘लिटल लीग’ नावाच्या स्पर्धेत पिचर आणि फलंदाज यांच्यातलं अंतर असतं ४६ फूट. एवढंच पुरे. बाकीचं कळलं नाही तरी चालेल, मलाही कळत नाही.

ही स्पर्धा म्हणजे तिकडच्या मुलांसाठी जणू वर्ल्ड कपच. दर वर्षी ऑगस्ट महिन्यात विल्यमस्पोर्ट नावाच्या छोट्या गावात जगभरचे संघ जमतात आणि सामने टीव्हीवर दाखवतात. १५ ऑगस्ट २०१४ रोजी फिलाडेल्फियाच्या टेनी ड्रॅगन्स संघाचा सामना टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या संघाशी होता. फिलाडेल्फियाची पिचर होती तेरा वर्षांची मोने. खांद्यावर रुळणाऱ्या बारीक वेण्या, चेहरा अगदी शांत. तिने त्या दिवशी आठ मुलांना एकटीने बाद केलं आणि समोरच्या संघाला एकही रन काढू दिला नाही. सामना ४-० असा जिंकला. या स्पर्धेच्या इतिहासात अशी कामगिरी करणारी ती पहिली मुलगी. तिचा चेंडू ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर वेगाने जायचा. ४६ फुटांवर उभ्या असलेल्या मुलाला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नव्हता.

मग काय, तिचा फोटो ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकेतल्या प्रसिद्ध क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. लिटल लीगमध्ये खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. तिचा त्या दिवशीचा शर्ट बेसबॉलच्या संग्रहालयात जाऊन बसला. पुढे फिलाडेल्फियाचा संघ हरून स्पर्धेबाहेर पडला, तरी शहराने या मुलांची वाजतगाजत मिरवणूक काढली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या पुरवणीत कुठल्याही आठवड्यात छापून येईल अशी. ‘पहिली महिला अमुक’, ‘पहिली मुलगी तमुक’. आपण वाचतो, ‘वा!’ म्हणतो आणि पान उलटून पाककृतीकडे वळतो. पण मला रस होता तो त्या आधीच्या सहा वर्षांत. ही मुलगी त्या मातीच्या उंचवट्यापर्यंत पोचली कशी?

फिलाडेल्फिया हे ऐतिहासिक शहर. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली इथेच मंजूर झाला. पण अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये सर्वांत गरीब शहरांतही याची गणना होते. अशा शहरात महापालिकेने एक गोष्ट वर्षानुवर्षं जपली आहे. शहरभर, वस्त्यावस्त्यांत, दीडशेहून अधिक ‘रिक्रिएशन सेंटर’ आहेत. आपण त्यांना क्रीडाकेंद्र म्हणू. एखादा हॉल, शेजारी मैदान, कुठे पोहण्याचा तलाव. शाळा सुटली की मुलांनी तिथे यायचं. आई-बाप कामावरून परतेपर्यंत मुलं रस्त्यावर नसतात, केंद्रावर असतात. खेळ हा निम्मा उद्देश आणि मुलांना सुरक्षित जागा मिळणं हा उरलेला निम्मा.

दक्षिण फिलाडेल्फियातल्या अशाच एका केंद्राला मरियन अँडरसन यांचं नाव दिलेलं आहे. या मोठ्या गायिका त्याच भागात वाढल्या. १९३९ साली वॉशिंग्टनमधल्या एका सभागृहाने त्या कृष्णवर्णीय आहेत म्हणून तिथे गाऊ दिलं नाही. मग त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून गायल्या आणि ऐकायला सुमारे पाऊण लाख लोक जमले. तर या केंद्रावर स्टीव्ह बँडुरा नावाचे गृहस्थ मुलांना शिकवतात. वस्तीतल्या मुलांचा ‘अँडरसन मोनार्क्स’ हा संघ त्यांनी उभा केला. २००८ साली त्यांनी मैदानावर एक सात वर्षांची मुलगी पाहिली. ती आपल्या घरच्या मोठ्या मुलांबरोबर अमेरिकन फुटबॉलचा तो लांबट चेंडू फेकत होती. फेक अशी सरळ आणि सफाईदार की ते बघतच राहिले. त्यांनी तिला बास्केटबॉलच्या सरावाला बोलावलं. तिथे सगळी मुलंच. मुलगी एकटीच. ती कडेला उभी राहून नुसती बघत होती, तीन जणांनी पळत पळत एकमेकांना चेंडू द्यायचा एक अवघड प्रकार. तिची पाळी आली तेव्हा तिने तो पहिल्याच फटक्यात बरोबर केला.

मैत्रिणींनो, या प्रसंगात मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, मैदान घराजवळ होतं. दुसरी, तिथे रोज येणारा एक मोठा माणूस होता आणि त्याची नजर उघडी होती. तिसरी, त्याने मुलगी म्हणून तिला दुसरीकडे धाडलं नाही. यातली एक गोष्ट जरी कमी असती, तर ताशी ७० मैलांचा तो चेंडू जगाला कधी दिसला नसता. अंगात गुण होताच. पण गुण किती मुलींच्या अंगात असतात! आपल्या गल्लीत नसतील का?

आणि हे तीन धागेही किती कच्चे असतात बघा. ज्या २००८ साली बँडुरांना मोने दिसली, त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि फिलाडेल्फियाच्या महापौरांनी खर्च वाचवण्यासाठी शहरातली ११ सार्वजनिक ग्रंथालयं आणि बहुतेक पोहण्याचे तलाव बंद करायचा प्रस्ताव मांडला. कात्री लागते ती आधी मुलांच्या जागांना. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले आणि ग्रंथालयं वाचली. पुढे २०१७ पासून शहराने शीतपेयांवर दर औंसाला दीड सेंट असा कर बसवला. त्यातून बालवाड्या चालवायच्या आणि मोडकळीला आलेली उद्यानं, क्रीडाकेंद्रं, ग्रंथालयं दुरुस्त करायची असं ठरलं. शीतपेयांच्या कंपन्यांनी आणि दुकानदारांनी जोरदार विरोध केला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ साली न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. कर चांगला की वाईट यावर तिथे अजून वाद घालणारे आहेत. पण मुलांच्या मैदानाला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न एका शहराने चव्हाट्यावर आणला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण पैशाचा प्रश्न तिकडेही आहेच. बेसबॉल हा एके काळी गल्लीबोळातला खेळ. आता सधन घरची मुलं गावोगाव फिरणाऱ्या खासगी संघांतून खेळतात. फी, प्रवास, हॉटेल, खासगी कोच, सगळं मिळून वर्षाला हजारो डॉलर होतात. ज्या समाजातून जॅकी रॉबिन्सनसारखा खेळाडू आला, त्या कृष्णवर्णीय समाजातल्या खेळाडूंचं प्रमाण वरिष्ठ बेसबॉल लीगमध्ये १९८१ साली सुमारे १८ टक्के होतं, ते २०२४ साली ६ टक्क्यांवर आलं. हे लक्षात आल्यावर काही माणसं हातावर हात धरून बसली नाहीत. जॉन यंग या माजी खेळाडूने १९८९ साली लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीत मुलांसाठी बेसबॉलचा कार्यक्रम सुरू केला. तो पुढे देशातल्या अनेक शहरांत पोचला आणि त्यात मुलींसाठी सॉफ्टबॉलही आला. २००६ साली त्याच शहराजवळच्या कॉम्प्टनमध्ये मुलांना फुकट शिकवणारी अकादमी निघाली. तरीही २०२४ पर्यंत टक्का घसरलेलाच होता. एकदा खेळ विकत घ्यायची वस्तू झाला की तो पुन्हा गल्लीत आणणं किती अवघड असतं, ते यावरून कळतं.

आता मुलींच्या बाजूकडे येऊ. लिटल लीग १९३९ साली सुरू झाली ती मुलांसाठी. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅथरिन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापल्या, मुलाचं नाव घेतलं आणि संघात शिरली. नंतर तिने खरं सांगितलं, तरी तिच्या कोचने तिला खेळू दिलं. पण पुढच्या वर्षी नियमच आला, मुलींना प्रवेश नाही. एक मुलगी चांगली खेळली, तर तिला शाबासकी मिळायची सोडून सगळ्या मुलींसाठी दार बंद! आपल्याला हे नवीन आहे का?

पुढे १९७२ साली न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीपलीकडे असलेल्या होबोकन गावात मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी संघात निवडली गेली. ती तीन सामने खेळली. मग वरून निरोप आला, मुलगी काढा, नाहीतर गावच्या लीगची मान्यता काढून घेऊ. मारियाला घरी बसावं लागलं. पण तिच्या वतीने महिलांच्या संघटनेने दाद मागितली. ज्यांच्यासमोर सुनावणी झाली त्या अधिकारीही एक बाईच होत्या, सिल्विया प्रेसलर. मुलींची हाडं मुलांपेक्षा नाजूक असतात, त्यांना इजा होईल, असे दाखले दिले गेले. प्रेसलरबाईंनी ते मान्य केले नाहीत. अखेर १९७४ साली लिटल लीगचं दार मुलींना उघडलं. काही गावच्या लीगनी तर मुलींना घेण्यापेक्षा खेळच बंद ठेवले! मारिया तोवर चौदा वर्षांची झाली होती. तिचं वय उलटून गेलं होतं. तिने उघडलेल्या दारातून ती स्वतः कधीच आत गेली नाही. चाळीस वर्षांनी त्यातून मोने गेली.

हे वाचताना माझ्या घशाशी काहीतरी आलं. आपल्याही आयांनी, मावश्यांनी, शाळेतल्या बाईंनी आपल्यासाठी अशी किती दारं ढकलली असतील. सायकल चालवण्याचं, बारावीनंतर शिकण्याचं, परगावी नोकरी करण्याचं. त्यांना स्वतःला त्यातलं काही मिळालं नाही.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. त्याच १९७४ साली लिटल लीगने मुलींसाठी वेगळी सॉफ्टबॉलची स्पर्धा काढली. हेतू चांगला असेलही. सॉफ्टबॉल हा उत्तम खेळ आहे, आपल्या महाराष्ट्रातही शाळा-कॉलेजांतून कितीतरी मुली तो खेळतात. पण तिकडे झालं असं की मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की सगळे तिला मायेने सांगू लागले, ‘बाळ, आता बेसबॉल पुरे. सॉफ्टबॉल खेळ. शिष्यवृत्ती मिळेल.’ बघा, पुन्हा तेच वय आणि तोच शब्द, ‘आता पुरे’. खुद्द मोने, जिचा शर्ट बेसबॉलच्या संग्रहालयात आहे, ती व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन विद्यापीठात गेली तेव्हा तिथल्या संघातून सॉफ्टबॉल खेळली. कॉलेजच्या बेसबॉल संघांत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात.

मधल्या काळात तिला बोलणीही खावी लागली. २०१५ साली तिच्यावर सिनेमा काढायची घोषणा झाली तेव्हा कॉलेजच्या एका बेसबॉल खेळाडूने इंटरनेटवर तिच्याबद्दल अत्यंत घाणेरडा शब्द लिहिला. कॉलेजने त्याला संघातून काढून टाकलं. तेव्हा या तेरा वर्षांच्या मुलीने कॉलेजच्या प्रमुखांना पत्र लिहून कळवलं, की त्याला परत घ्या, माणसाच्या हातून चूक होते. तिला वाईट वाटलं होतं, हेही तिने लपवलं नाही. मला हा तिचा मोठेपणा वाटतो. पण मनात असंही येतं, की दर वेळी समजूतदारपणा पोरीनेच का दाखवायचा? तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.

मोठ्या माणसांबद्दल आणखी एक सांगते. ज्या संघाने २०१४ मध्ये फिलाडेल्फियाला स्पर्धेबाहेर काढलं, तो शिकागोचा ‘जॅकी रॉबिन्सन वेस्ट’ हा कृष्णवर्णीय मुलांचा संघ होता. त्यांनी अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं. शहरात मिरवणूक निघाली, मुलं राष्ट्राध्यक्षांना भेटून आली. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये कळलं, की संघाच्या कर्त्या लोकांनी ठरलेल्या हद्दीबाहेरची मुलं घेतली होती. विजेतेपद काढून घेतलं गेलं. नकाशे मोठ्यांनी बदलले आणि चषक बारा वर्षांच्या पोरांच्या हातातून गेला. या मुलांनी मैदानावर कुणालाही फसवलं नव्हतं. मुलांच्या खेळात आपली हौस, आपली प्रतिष्ठा आणि आपली राहून गेलेली स्वप्नं घालायची नसतात, हे शिकागोने सांगितलं. स्नेहसंमेलनात, स्कॉलरशिपच्या परीक्षेत, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आपण तरी दुसरं काय करतो?

याउलट बँडुरांनी काय केलं बघा. स्पर्धेच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ च्या उन्हाळ्यात, मोनेच्या नावामागे जाहिरातवाले लागले होते. तेव्हा त्यांनी आपल्या पोरांना १९४७ सालच्या एका जुन्या बसमध्ये बसवलं आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गावांतून फिरवून आणलं. बसला एसी नाही, बाहेर रणरणतं ऊन. ज्या ज्या गावी कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ झाली, तिथे थांबायचं, ती जागा बघायची आणि मग तिथल्या मुलांशी सामना खेळायचा. आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत, हे मुलांना कळावं म्हणून. चषकापेक्षा हे शिक्षण मोठं.

आता ताजी बातमी. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग १९४३ ते १९५४ या काळात होती. पुरुष युद्धावर गेले होते आणि मैदानं रिकामी पडू नयेत म्हणून ती काढली. त्यात फक्त गोऱ्या मुलींना घेत. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि काही वर्षांत लीग बंद पडली. गरजेपुरतं बायकांना बोलवायचं आणि मग ‘आता पुरे’! अलीकडे जस्टिन सीगल या प्रशिक्षक बाईंनी पुढाकार घेऊन महिलांची नवी लीग जाहीर केली. लहानपणी एका कोचने त्यांनाही बेसबॉल सोडून सॉफ्टबॉल खेळायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, हे बरंच झालं! ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये निवड चाचणी झाली. सहाशेहून जास्त जणी आल्या. त्यात एक होती चोवीस वर्षांची मोने डेव्हिस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने तिला निवडलं. मधली दहा-अकरा वर्षं तिथे महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीगच नव्हती. ती मात्र तो उंचवटा विसरली नव्हती.

लीग चालेल की नाही, हे काळ ठरवेल. मला त्यातून आपल्यासाठी घ्यायचं आहे ते वेगळंच. आपल्या गावात बेसबॉल यावा असं माझं म्हणणं नाही. खो-खो आहे, कबड्डी आहे, लंगडी आहे, सॉफ्टबॉलही आहे. मुली खेळतातही, पण कुठवर? सातवी-आठवीपर्यंत. मग पाळी सुरू होते, क्लास सुरू होतात, ‘लोक काय म्हणतील’ सुरू होतं आणि बूट माळ्यावर जातात. शाळेचं मैदान पाच वाजता कुलूपबंद होतं. गावचं मैदान प्रदर्शनाला, लग्नाला, सभेला भाड्याने जातं. उरलेल्या वेळात तिथे क्रिकेट खेळणारी मोठी मुलं असतात. दिवा नाही, पाण्याचा नळ नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. मग ‘दिवेलागणीच्या आत घरी ये’ म्हणणारी आई तरी काय करेल? तिची काळजी खोटी नसते, हे मला माहीत आहे. मीही आईच आहे.

पण काळजीवर उपाय दोन असतात. मुलीला घरात घ्यायचं, किंवा मैदानावर दिवा लावायचा. आपण आजवर पहिला केला, कारण तो आपल्या हातात होता. दुसराही अगदीच हाताबाहेरचा नाही. आपल्या भिशीत, महिला मंडळात, बचत गटात दहा-बारा जणी असतातच. सगळ्यांनी मिळून नगरपालिकेत एक अर्ज द्यायचा, मैदानावर दिवा आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून. नगरसेविका आपल्यातलीच कुणी असते, मत मागायला येते तेव्हा हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर हेही विचारायचं. शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगायचं, की संध्याकाळी दोन तास मैदान उघडं ठेवा, आमच्यातल्या दोघी दोघी आळीपाळीने तिथे बसतील. भाजी निवडायची ती तिथे बसून निवडू! आणि शाळेतले खेळाचे सर किंवा बाई मनापासून शिकवत असतील, तर पालकसभेत गणिताच्या सरांइतकंच त्यांचंही कौतुक करायचं. बँडुरा काही फक्त फिलाडेल्फियातच जन्माला येत नाहीत. आपल्याकडेही आहेत, त्यांना आपण ‘पीटीचे सर’ म्हणून सोडून देतो.

आणि या सगळ्याच्या आधी, ज्याला अर्ज लागत नाही की पैसा, असं एक काम. लेक बाराची होईल, अंगाने वाढेल, शेजारची काकू काहीतरी बोलेल, तेव्हा तोंडावर आलेलं ‘आता पुरे’ गिळून टाकायचं. त्याऐवजी विचारायचं, ‘आज कशी झाली गं मॅच?’ बस, इतकंच.

मावसबहिणीची पोर परत गेली. जाताना तो मोजा मात्र आमच्या शेजारच्या छकुलीला देऊन गेली. छकुली आठ वर्षांची आहे. तिच्या हातात तो सुपाएवढा दिसतो. परवा संध्याकाळी ती गल्लीतल्या खांबाच्या दिव्याखाली चेंडू भिंतीवर मारून झेलत होती. तिची आई दारात आली, आकाशाकडे बघितलं, हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबली. मग पदर खोचून पायरीवर बसली आणि बघत राहिली.

मी स्वयंपाक अर्धा टाकून तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, बघू या, हिचा नेम कसा आहे ते.